सर्व्हर बंद न करता दुरुस्ती : प्रश्न कुठवर सुटला आहे?

जूनमध्ये भाताची रोपे टाकायची घाई सुरू झाली, की भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या सेवा केंद्रांवर सातबाऱ्यासाठी गर्दी होते. विकास सोसायटीला पीक कर्जासाठी सातबारा लागतो, आठ-अ लागतो. कुणाची वारसनोंद अडलेली असते, कुणाचा बोजा उतरवायचा राहिलेला असतो. अशा वेळी खिडकीच्या आतून "सर्व्हर डाऊन आहे, दुपारनंतर बघा" असे उत्तर आले, की केळद-पासलीकडून आलेल्या माणसाचा दिवस वाया जातो. त्याला परतीची एसटी गाठायची असते. दुपारनंतर थांबणे परवडत नाही.

"सर्व्हर डाऊन" या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळी कारणे दडलेली असतात : गावाकडची लिंक गेली, वीज गेली, एकाच वेळी फार लोक आत शिरले, सॉफ्टवेअर अडकले, किंवा जिथे माहिती साठवली आहे त्या यंत्रातच बिघाड झाला. खिडकीबाहेरच्या माणसाला या पाचांतला फरक कळत नाही. बहुधा आतल्या माणसालाही कळत नाही. हा लेख फक्त शेवटच्या कारणापुरता आहे. माहिती साठवणाऱ्या डिस्का आणि त्यांच्याभोवतीची यंत्रे बिघडतात, जुनी होतात, बदलावी लागतात. ती सेवा न थांबवता बदलता येतात का, कोणत्या अटींवर, आणि या बाबतीत जाणकारांमध्ये मतभेद कुठे आहेत, याचा हा आढावा.

तालुक्यातून केंद्राकडे

महाराष्ट्रातील जमिनीच्या नोंदी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 आणि तिच्याखालील गाव नमुन्यांवर उभ्या आहेत. गाव नमुना सात, बारा, सहा आणि आठ-अ हे शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीचे. संगणकीकरणाच्या पहिल्या फेरीत ही माहिती बहुतांशी तहसील कचेरीतल्या संगणकांवर होती. दस्त नोंदणीचेही तसेच होते. 'सरिता' प्रणालीत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात स्वतंत्र यंत्र असे. डिस्क उडाली तर तेवढे कार्यालय थांबे, शेजारचा तालुका चालू राही. मात्र त्या कार्यालयाची नोंद वाचवायची, तर कुणीतरी आदल्या दिवशी प्रत काढून ठेवलेली असणे भाग होते.

केंद्राच्या भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाची सुरुवात 2008 मध्ये झाली. त्यानंतर राज्यात ई-फेरफार आले. पुण्याच्या एनआयसीने तयार केलेली ही प्रणाली मध्यवर्ती सर्व्हरवर चालते. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि पंधरा रुपये भरून तो घरबसल्या काढता येऊ लागला. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. राज्यातले अडीच कोटींच्या घरातले सातबारे असे काही थोड्या ठिकाणच्या यंत्रांवर आले.

यात फायदा उघड आहे. चांगली यंत्रे, चोवीस तास माणसे, राखीव वीज, दुसऱ्या शहरात प्रत या गोष्टी प्रत्येक तालुक्याला देता येत नाहीत. मध्यवर्ती ठिकाणी देता येतात. तोटाही तितकाच उघड आहे. पूर्वी एक डिस्क गेली तर एक कचेरी थांबे. आता मध्यवर्ती साठवण थांबली तर भोर, वेल्हे, मुळशी आणि थेट गडचिरोलीपर्यंत सगळ्या खिडक्या एकदम बंद होतात. म्हणूनच बंद न पडता दुरुस्ती हा केवळ तंत्रज्ञांचा विषय उरलेला नाही.

रेडची चार दशके

डिस्क बिघडणार हे गृहीत धरूनच साठवणीची रचना करावी, हा विचार 1987-88 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडला. महागडी एकच मोठी डिस्क घेण्याऐवजी स्वस्त, लहान डिस्कांचा संच करा आणि माहिती अशी पसरा, की एक गेली तरी बाकीच्यांवरून ती पुन्हा काढता येईल. या रचनेला रेड म्हणतात. आज कुठल्याही बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा सरकारी डेटा सेंटरच्या मुळाशी रेड किंवा तिची पुढची आवृत्ती असते.

मुख्य प्रकार तीन. रेड-1 आणि तिचे विस्तारित रूप रेड-10 यांत प्रत्येक डिस्कची तंतोतंत जोडप्रत असते. रेड-5 मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे हरवलेला भाग गणिताने परत काढण्यासाठी, राखली जाते. रेड-6 मध्ये अशी जागा दोन डिस्कांइतकी असते. 16 टीबीच्या आठ डिस्का घेतल्या तर रेड-5 मध्ये वापरायला 112 टीबी मिळतात, रेड-6 मध्ये 96 आणि रेड-10 मध्ये 64. पुढचे बरेचसे वाद या तीन आकड्यांतून निघतात.

डिस्का किती वेळा बिघडतात याची भरवशाची आकडेवारी 2007 मध्ये पुढे आली. कार्नेगी मेलनच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. उत्पादकांच्या माहितीपत्रकांवरून वर्षाला फार तर 0.88 टक्के डिस्का जाव्यात, असा हिशेब निघत होता. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के सर्रास बदलल्या जात होत्या. काही ठिकाणी हे प्रमाण तेरा टक्क्यांपर्यंत गेले होते. त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला. डिस्क स्वतःच देत असलेल्या इशाऱ्यांवर भरवसा ठेवावा का, हा त्यातला एक प्रश्न होता. उत्तर दुहेरी आले. वाचनातली पहिली चूक नोंदली गेली, की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता 39 पटींनी वाढते. पण गेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चार इशाऱ्यांपैकी एकही दिलेला नव्हता. थोडक्यात, इशारा आला तर लगेच हालचाल करावी. इशारा आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

डिस्क बदलताना काय घडते

कागदावर काम पाच मिनिटांचे आहे. सर्व्हरच्या पुढच्या बाजूला डिस्कांचे कप्पे असतात, प्रत्येकाला छोटा दिवा. बिघडलेल्या डिस्कचा दिवा नारिंगी होतो. खटका दाबून ट्रे बाहेर ओढायचा, चार स्क्रू काढून नवी डिस्क बसवायची, ट्रे परत सरकवायचा. यंत्र चालूच असते, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. याला हॉट-स्वॅप म्हणतात. संचात आधीच एक रिकामी राखीव डिस्क, म्हणजे हॉट स्पेअर, बसवलेली असेल तर माणूस पोहोचण्याआधीच भरपाईचे काम सुरू होते.

अडचणी या पाच मिनिटांच्या आधी आणि नंतर येतात. आधीची अडचण ओळखीची. दिवा लागला नाही किंवा कप्प्यांचे क्रमांक सॉफ्टवेअरमध्ये शून्यापासून आणि पेटीवर एकपासून असले, तर चांगली डिस्क बाहेर ओढली जाऊ शकते. रेड-5 मध्ये एक आधीच गेलेली असताना दुसरी ओढली, की संच तिथेच कोसळतो. म्हणून अनुभवी माणूस आधी सॉफ्टवेअरमधून डिस्कचा सिरियल नंबर लिहून घेतो, तो ट्रेवरच्या चिठ्ठीशी ताडतो, त्या डिस्कला रीतसर निवृत्त करायची आज्ञा देतो आणि मगच खटक्याला हात लावतो. चिठ्ठी बसवतानाच लावलेली असावी, हे सांगायला सोपे आणि हमखास राहून जाणारे काम.

नंतरची अडचण वेळेची. नव्या डिस्कवर माहिती परत भरण्याला रिबिल्ड म्हणतात. 16 टीबीची डिस्क सेकंदाला 200 एमबीच्या वेगाने अखंड लिहिली तरी सुमारे 22 तास लागतात. सेवा चालू ठेवून हे करायचे म्हणजे वेग कमी होतो आणि काम दोन-तीन दिवस लांबू शकते. एवढा काळ रेड-5 चा संच कसलेही संरक्षण नसताना चालतो आणि उरलेल्या सगळ्या डिस्कांवर नेहमीपेक्षा जास्त ताण असतो. त्यात जर त्या सगळ्या एकाच वेळी, एकाच खोक्यातून आलेल्या असतील, तर त्यांचे वयही सारखेच असते.

हे भय काल्पनिक नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने आपल्या काही एसएसडींबाबत सूचना काढली. फर्मवेअरमधल्या चुकीमुळे त्या बरोबर 32,768 तास चालल्यावर, म्हणजे सुमारे पावणेचार वर्षांनी, बंद पडणार होत्या आणि त्यांतली माहितीही परत मिळणार नव्हती. एकाच दिवशी सुरू केलेला संच एकाच दिवशी जाणार, असा त्याचा अर्थ. तिथे रेड-6 किंवा हॉट स्पेअर कामाचे नव्हते. वेळेत फर्मवेअर बदलणे आणि वेगळ्या यंत्रावर प्रत असणे, एवढेच उपाय होते.

डिस्क सोडून इतर भागांचे काय? पंखे आणि वीजपुरवठ्याचे जोडसंच चांगल्या सर्व्हरमध्ये चालू असताना बदलता येतात. पण दोन वीजपुरवठे एकाच यूपीएसला जोडलेले असतील तर दुसऱ्याचा उपयोग नावापुरता, आणि लहान कार्यालयांत नेमके तसेच जोडलेले आढळते. मेमरी, प्रोसेसर, मदरबोर्ड मात्र साध्या सर्व्हरमध्ये यंत्र बंद करूनच बदलावे लागतात. त्यासाठी चालते काम आधी दुसऱ्या यंत्रावर सरकवायचे तंत्र वापरतात. आभासी यंत्रे न थांबवता हलवण्याची ही सोय 2003 च्या सुमारास बाजारात आली आणि आता नेहमीची झाली आहे.

मतभेदाच्या चार जागा

पहिला मतभेद पॅरिटी की जोडप्रत, हा. 2007 मध्ये साठवणीच्या तंत्रावर लिहिणारे रॉबिन हॅरिस यांनी रेड-5 लवकरच निरुपयोगी ठरेल, असा इशारा दिला. साध्या डिस्का दर 12.5 टीबी वाचनामागे एक चूक होऊ शकते, एवढीच हमी देतात. संच मोठा असेल तर रिबिल्डच्या वाचनात एखादी चूक जवळजवळ अटळ, असा त्यांचा मुद्दा. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे, की ती हमी किमान दर्जाची आहे, प्रत्यक्ष चुका कमी होतात, आणि एका ठिकाणच्या चुकीसाठी सगळा संच फेकून न देण्याइतकी नवी सॉफ्टवेअर शहाणी झाली आहेत. आज मोठ्या डिस्कांसाठी रेड-5 टाळावी यावर बऱ्यापैकी एकमत आहे. त्यापुढे मत फुटते. रेड-6 मध्ये कोणत्याही दोन डिस्का गेल्या तरी चालते. रेड-10 मध्ये आठपैकी एक गेली असताना दुसरी गेली, तर सातात एक वेळा नेमकी तिची जोडीदार जाते आणि माहिती बुडते. मात्र तिचे रिबिल्ड सोपे आणि लवकर होते, रोजचे लेखनही वेगवान असते. फेरफारासारख्या सतत लहानसहान नोंदी होणाऱ्या कामाला रेड-10 आणि स्कॅन केलेल्या जुन्या अभिलेखांना रेड-6, असा मध्यममार्ग बरेच जण सुचवतात.

दुसरा मतभेद हार्डवेअर की सॉफ्टवेअर, हा. वेगळे रेड कार्ड घेतले तर त्यावरची बॅटरी वीज गेल्यावरही अर्धवट लेखन सांभाळते आणि डिस्क बदलणे साध्या माणसालाही जमते. पण ते कार्डच गेले तर बहुधा त्याच जातीचे दुसरे शोधावे लागते. लिनक्समधली एमडी किंवा झेडएफएस यांसारख्या सॉफ्टवेअर व्यवस्थेत डिस्का काढून दुसऱ्या कुठल्याही यंत्रात लावता येतात. सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आहरेन्स यांनी घडवलेल्या झेडएफएसचा आणखी एक गुण आहे. ती प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवते आणि गुपचूप बिघडलेली माहिती ओळखते. ही भीतीही पोकळ नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15.3 लाख डिस्कांवर 41 महिन्यांत चार लाखांहून अधिक ठिकाणी चेकसम जुळले नव्हते. त्यासाठी वेळोवेळी सगळी साठवण वाचून तपासायची असते. या तपासणीला स्क्रब म्हणतात. 2017 मध्ये हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा गावकऱ्यांसमोर ताडून पाहण्यासाठी गावोगाव चावडी वाचन झाले, तसेच हे डिस्कांचे चावडी वाचन. मात्र या व्यवस्था सांभाळायला जाणकार माणूस लागतो, आणि तो तालुक्याच्या ठिकाणी मिळेलच असे नाही, हा विरुद्ध बाजूचा खरा आक्षेप आहे.

तिसरा मतभेद एक भक्कम पेटी की साध्या यंत्रांचा समूह, हा. दोन कंट्रोलर असलेल्या महागड्या साठवण पेटीत एका कंट्रोलरची दुरुस्ती चालू असताना दुसरा काम पाहतो. याउलट सेज वाइल यांच्या 2006 च्या शोधनिबंधातून पुढे आलेल्या सेफसारख्या रचनेत पेटीच नसते. माहितीच्या साधारण तीन प्रती वेगवेगळ्या साध्या यंत्रांवर असतात. एखादे यंत्र काढून घेतले तरी बाकीची ते अंतर भरून काढतात. त्यामुळे डिस्क बदलणे हे तातडीचे काम उरत नाही, सवडीचे होते. मोठ्या क्लाउड सेवा याच विचारावर चालतात. पण हा समूह नीट चालायला यंत्रे बरीच लागतात, त्यांना जोडणारे वेगवान जाळे लागते आणि बिघाड शोधणे अधिक किचकट होते. चार-पाच यंत्रांच्या कार्यालयाला ते परवडेल का, यावर एकवाक्यता नाही.

चौथा मतभेद जागेचा. केंद्र सरकारच्या 2014 च्या 'मेघराज' धोरणानंतर सरकारी सेवा क्लाउडकडे झुकल्या. देशभरातील सुमारे 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांचे संगणकीकरण 2022 मध्ये मंजूर झाले. त्याचाही पाया एकच समान प्रणाली हाच आहे. भोर-वेल्ह्यातल्या विकास सोसायट्यांचा हिशेबही त्यामुळे दूरच्या यंत्रांकडे जाणार. बाजूने बोलणारे म्हणतात, डिस्क बदलण्याची कटकटच तालुक्यातून गेली. विरुद्ध बाजू विचारते, तोरणा-राजगडाच्या परिसरात पावसाळ्यात लिंक आणि वीज दोन्ही गेल्यावर पुण्या-मुंबईतल्या पाच नऊंच्या उपलब्धतेचा काय उपयोग? पाच नऊ, म्हणजे 99.999 टक्के, याचा अर्थ वर्षात सव्वापाच मिनिटे बंद. तीन नऊ म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. डोंगराळ गावात शेवटच्या काही किलोमीटरांवर एवढे तास एखाद्या वादळातच जातात.

जे अजून सुटलेले नाही

तालुक्यात निदान वाचण्यापुरती एक प्रत ठेवावी, हा सुचणारा पहिला उपाय. लिंक नसतानाही सातबारा निघेल. पण तासाभरापूर्वी बँकेने चढवलेला बोजा त्या प्रतीत नसेल तर? शिळा उतारा दाखवून जमीन विकली गेली तर जबाबदार कोण? संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी 2000 मध्ये मांडलेला आणि 2002 मध्ये सिद्ध झालेला सिद्धांत सांगतो, की जाळे तुटलेले असताना अद्ययावतपणा आणि उपलब्धता दोन्ही एकत्र पूर्णपणे मिळू शकत नाहीत. काय सोडायचे, हा निर्णय तंत्रज्ञ घेऊ शकत नाही. तो महसूल कायद्याचा आणि धोरणाचा आहे. 'अमुक तारखेच्या अमुक वेळेपर्यंतची स्थिती' असा शिक्का मारून अशी प्रत द्यावी, हा एक तोडगा सुचतो. तो कर्जाला चालेल, खरेदीखताला चालेल का, हे ठरलेले नाही.

दुसरा अनिर्णित प्रश्न संच आणि बॅकअप यांतल्या गफलतीचा. रेड सेवा चालू ठेवते. चुकून पुसलेली नोंद ती तितक्याच इमानाने सगळ्या डिस्कांवरून पुसते. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला, तेव्हा बॅकअपच्या अनेक पद्धती असूनही त्यांतली एकही नीट चालत नसल्याचे उघड झाले. शेवटी सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवर भागवावे लागले. त्याहून मोठा धडा दक्षिण कोरियाचा. 26 सप्टेंबर 2025 रोजी देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. 709 सरकारी प्रणाली थांबल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या कामाचा 858 टीबीचा साठा बाहेर कुठेच प्रत नसल्यामुळे नष्ट झाला. देखभालीच्या कामातूनच अपघात झाला, हे त्यातले लक्षात ठेवण्याजोगे.

तिसरा प्रश्न मोजणीचा. सेवा किती तास बंद होती आणि त्यातला वाटा डिस्कचा किती, लिंकचा किती, गर्दीचा किती, हे तालुकानिहाय वेगळे काढल्याशिवाय पैसा कुठे घालावा हे ठरवता येत नाही. ई-पीक पाहणीच्या शेवटच्या आठवड्यातला खोळंबा नव्या डिस्कांनी सुटणारा नसतो. तिथे मुदत गावांनुसार विभागून देणे जास्त उपयोगी पडेल.

ताळेबंद

डिस्क, पंखे आणि वीजपुरवठा सेवा न थांबवता बदलणे हा तांत्रिक प्रश्न जवळपास सुटला आहे. मध्यवर्ती ठिकाणी, जिथे राज्यभराचे काम अडते, तिथे तसे न करण्याला सबब उरलेली नाही. दोन डिस्कांचे नुकसान सोसणारा संच, वेगवेगळ्या खेपांतल्या डिस्का, ठरावीक स्क्रब, दुसऱ्या शहरातली प्रत आणि ती प्रत खरोखर परत चढवून पाहण्याचा सराव, यांवर सगळ्या बाजूंचे एकमत आहे.

भोर-वेल्ह्यातल्या सोसायटीने, शाळेने किंवा दवाखान्याने मात्र शून्य बंदीच्या मागे लागण्याची गरज नाही. त्यांना दोन डिस्कांची जोडप्रत, कपाटात एक राखीव डिस्क, ट्रेवर सिरियल नंबरची चिठ्ठी, इमारतीबाहेर एक प्रत आणि आधी जाहीर करून रविवारी घेतलेली दोन तासांची बंदी एवढे पुरेसे आहे. आणि सरकारी सेवांकडून एवढी अपेक्षा रास्त ठरेल : बंदी ठरलेली असेल तर ती आदल्या दिवशी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आणि सेवा केंद्राच्या फलकावर कळवावी, आणि ठरलेली नसेल तर बिघाड पाचांपैकी कोणता, हे खिडकीवर लिहून लावावे.